एक सूत

आमच्या शेजारच्या घरात, बाहेरच्या खोलीतल्या खिळ्याला एक प्लास्टिकची पिशवी चार महिने टांगलेली होती. अण्णा गेले त्या रात्री दवाखान्यातल्या नर्सबाईंनी त्यांच्या अंगावरच्या वस्तू त्या पिशवीत घालून अक्कांच्या हातात दिल्या होत्या. मनगटी घड्याळ, चष्मा, पाकीट आणि खिशातली करंगळीएवढी उरलेली सुतारी पेन्सिल. घरी आल्यावर अक्कांनी पिशवी खिळ्याला अडकवली ती तिथंच राहिली. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, ज्येष्ठ सरून आषाढाचा पाऊस लागला, तरी पिशवी हलली नाही. पंखा लावला की ती भिंतीशी सळसळे, आणि अक्का बोलता बोलता मध्येच थांबत.

अण्णा आणि अक्का कानडी, आम्ही मराठी. बेळगावच्या वाचकाला यापुढं काही सांगायला नको. अनगोळच्या आमच्या गल्लीत त्यांच्याकडची शेंगाची होळगी आमच्याकडे येते आणि आमच्याकडच्या करंज्या त्यांच्याकडे जातात. एक नोव्हेंबरला दोन्ही घरं जरा कमी बोलतात. दोन तारखेला सकाळी मात्र कुंपणावरून अण्णांचीच हाक आधी यायची, "चहा आतेन्री, सर?" वीस वर्षांत हा क्रम कधी चुकला नाही.

अण्णा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. फाउंड्री म्हटलं की आपल्याला भट्टी आणि वितळलेलं लोखंड दिसतं, पण त्याच्याही आधी लागतं ते लाकूड. जो लोखंडी भाग ओतायचा, त्याची हुबेहूब प्रतिकृती आधी लाकडात घडवतात. ती वाळूत दाबून बसवतात, अलगद काढून घेतात, आणि मागं जी पोकळी राहते तिच्यात लोखंडाचा रस ओततात. तो लाकडी नमुना घडवणारा माणूस म्हणजे पॅटर्नमेकर. तयार यंत्रात त्याचं लाकूड कुठंच नसतं, पण त्याचा हात केसभर चुकला तर सगळं ओतकाम भंगारात. अण्णांनी पस्तीस वर्षं हे काम केलं आणि निवृत्त झाल्यावर मागच्या पडवीत स्वतःचं बाक मांडलं.

त्या बाकापाशी रविवारी सकाळी मी जाऊन बसू लागलो. मी मराठीचा एम.ए. विद्यार्थ्यांच्या निबंधातली विशेषणं तासायची सवय, लाकडाची नव्हे. अण्णांनी मला रंधा धरायला शिकवला. "सर, लाकडाच्या मनाविरुद्ध जाऊ नका. रेषा कुणीकडं चालल्यात बघा, तिकडंच रंधा सोडा. उलटं गेला तर टवके निघतात." पाच-सहा वर्षांत माझ्या हातून दोन पाट, एक पुस्तकाची घोडी आणि शाळेच्या प्रयोगशाळेसाठी परीक्षानळ्यांचा एक डुगडुगता स्टँड, एवढी निर्मिती झाली. अण्णा कधी हसले नाहीत. स्टँडचा डुगडुगता पाय मात्र त्यांनी मला न सांगता तासून सारखा करून ठेवला होता.

श्रावणात अक्कांचा मुलगा बेंगळुरूहून आला. पोरगा गुणी, आईवर जीव असलेला. कुंपणापाशी येऊन म्हणाला, "सर, तुम्ही तरी आईला सांगा. ती पिशवी ती काढत नाही आणि मला काढू देत नाही. समोर दिसलं की रडते. सगळं कुणाला तरी देऊन टाकलं तर बरं होईल. हत्यारंसुद्धा."

त्याचं बोलणं चूक होतं असं मी म्हणणार नाही, कारण १९९७ साली मी स्वतः हेच केलं होतं. माझे वडील गेले तेव्हा मी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा होतो. आईला त्रास नको म्हणून खानापूर तालुक्यातल्या आमच्या घरातलं त्यांचं कपाट मी तीन दिवसांत रिकामं केलं. धोतरं, कोट, काठी, चष्म्याची डबी, दाढीचं सामान, सगळं वाटून टाकलं, आणि कर्तव्य केल्याचं समाधानही मानलं. आई काही बोलली नाही. पुढं कितीतरी वर्षांनी, कसलंही निमित्त नसताना, ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "त्यांची चष्म्याची डबी तरी ठेवायची होतीस रे." एवढंच. मी हेडमास्तर झालो, मुलांना आणि शिक्षकांना उपदेश करत आलो, पण त्या एका वाक्याला माझ्याजवळ आजही उत्तर नाही.

मी त्या मुलाला म्हटलं, "थोडं थांब. मी एक पेटी करतो."

माझी मुलगी म्हणाली, "बाबा, याला मेमरी बॉक्स म्हणतात." म्हणत असतील. माझ्या डोळ्यांसमोर होती ती आजीची फणेरपेटी. आरसा, फणी, मेणाची डबी, कुंकू, जे रोज लागतं ते आणि तेवढंच मावेल अशी. पेटीचा उपयोग वस्तू दडवण्यापुरताच नसतो. कुठली वस्तू राहणार आणि कुठली जाणार, हे तिच्यामुळं माणसाला स्वतःच्या हातानं ठरवता येतं. मी आईला ते ठरवू दिलं नव्हतं.

लाकडाचा प्रश्न होता. शाळेच्या अडगळीत मोडके बाक आहेत, पण हेडमास्तरानंच बाक उचलला तर मुलांनी काय उचलावं? शेवटी माळ्यावर ठेवलेली एक फळी काढली. साडेचार फूट लांब, दहा इंच रुंद, अस्सल सागवान. गावचं घर पाडलं तेव्हा वडिलांच्या त्या कपाटातली एवढी एकच फळी मी आणली होती. का आणली ते तेव्हा कळलं नव्हतं.

हत्यारं मागायला गेलो. अक्कांनी विचारलं नाही कशाला. पडवीची कडी काढून दिली आणि म्हणाल्या, "त्यांचं आहे ते, घ्या की. गंज चढायलाय सगळ्याला." रंधा, पटाशा, बारीक दातांची करवत, गुण्या आणि तेलकट फडक्यात गुंडाळलेली पोलादी पट्टी असं सगळं मी आमच्या व्हरांड्यात आणलं.

शाळा सुटल्यावर रोज तास-दीड तास काम चाले. फळी रंधून चार सुतांवर आणली. नव्या वाचकांसाठी सांगतो, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मिस्त्री लोक अजून त्याच मापात बोलतात. पेटी आतून १२ इंच लांब, ८ इंच रुंद आणि साडेचार इंच खोल धरली. कोपऱ्यांना खिळा मारायचा नाही असं ठरवलं होतं. अण्णा करत तसा, पसरट दात एकमेकांत अडकवायचा डव्हटेल सांधा करायचा. पहिले दोन सांधे टाकाऊ तुकड्यांवर बिघडवले, तिसरा बरा जमला. पावसाळी हवेत लाखेच्या पॉलिशवर पांढुरका धूर चढतो, म्हणून पॉलिशचं काम उन्हाची उघडीप मिळेपर्यंत बाजूला ठेवलं. आतल्या बाजूला तेल लावायचं नाही हेही अण्णांनीच सांगितलेलं, बंद पेटीत तेलाचा खवट वास कोंडतो.

झाकण शेवटी केलं. त्या संध्याकाळी पाऊस तिरपा येत होता, म्हणून अण्णांची पट्टी फडक्यात गुंडाळून आत ठेवली होती. माझ्या टेबलावरच्या पट्टीनं मापं घेतली. आतली लांबी १२ इंच, दोन्हीकडच्या फळ्या अर्धा-अर्धा इंच, म्हणजे झाकण १३ इंच. तिसरीतल्या मुलाचं गणित. कापलं, रंधलं, पेटीवर ठेवलं, तर लांबीत एक सूत कमी! रुंदीतही जवळजवळ तेवढंच. फळी संपलेली. वडिलांच्या कपाटाचा शेवटचा तुकडा मी बिघडवला होता.

दोन दिवस मी त्या पेटीकडं पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा मापलं. माझ्या पट्टीनं झाकण बरोबर होतं. अण्णांच्या पट्टीनं पेटी बरोबर होती. मग दोन्ही पट्ट्या एकीला एक लावून धरल्या. शून्यापाशी दोघींचं एकमत होतं, पण सरकत सरकत बाराव्या इंचाला अण्णांची पट्टी बरोबर एक सूत पुढं गेली होती.

आणि मला आठवलं. आठवायला आधीच हवं होतं. वितळलेलं लोखंड निवताना आकसतं. बिडाचा भाग फुटाला साधारण एक सूत आकसतो. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, आणि दर वेळी हिशेब नको म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच तेवढी ताणून आखलेली असते. एका रविवारी अण्णांनी ती मला दाखवली होती. "ही पट्टी खोटं बोलते सर, पण आधी सांगून बोलते. गार झाल्यावर कमी होणार, ते हिनं आधीच धरलेलं असतंय." मी मान डोलावली होती आणि विसरून गेलो होतो.

झाकण टाकून द्यायचं नाही असं ठरवलं. मागची बाजू बिजागऱ्यांसाठी सपाट ठेवून बाकीच्या तीन बाजूंना शिसवीची काळी पट्टी डकवली. अण्णांच्याच पडवीत तिचे तुकडे होते. झाकण आता पेटीच्या किंचित बाहेर आलं आणि उघडताना बोटाला धरायला जागा झाली. पाहणाऱ्याला वाटावं, मुद्दाम केलंय.

भाद्रपदात ऊन पडलं. पॉलिश झालं. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी मी पेटी घेऊन गेलो. बरोबर सौभाग्यवती होत्या, कारण अशा वेळी काय बोलायचं ते मला समजत नाही. अक्कांनी पेटीवरून हात फिरवला. "पेट्टिगे," एवढंच म्हणाल्या. मग मराठीत, "चांगली झालीय." आणि गप्प. ती शांतता मला सोसवेना, म्हणून मी माझी फजिती सांगायला लागलो, पट्टीची, झाकणाची, शिसवीच्या ठिगळाची.

अक्का एकदम हसल्या. चार महिन्यांत प्रथमच.

"ती पट्टी वापरला काय तुम्ही? अय्यो! मी पण केलते की सर असंच! लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. खिडकीची काच फुटली. हे कामावर. मी त्या पट्टीनं माप घेतलं, काच कापून आणली, बसेना! लहान झाली. संध्याकाळी आले, बघितलं आणि एक शब्द बोलले नाहीत. सायकल काढली, जाऊन दुसरी काच कापून आणली. बसवली. जेवताना म्हणाले, आपल्या घरात काही आकसणार नाही, इथं ती पट्टी नको."

मग त्या बोलतच राहिल्या. सायकलचं, फाउंड्रीतल्या पहिल्या पगाराचं, तिसऱ्या रेल्वे गेटपाशी पावसात भिजत थांबल्याचं. मध्येच कानडीत जात, मध्येच मराठीत येत. आम्ही दोघं ऐकत होतो. अण्णा गेल्यापासून त्या घरात अण्णांच्या मरणाबद्दलच बोलणं चाललं होतं. त्या दिवशी अण्णांबद्दल झालं.

बोलता बोलता त्या उठल्या, खिळ्यावरची पिशवी काढली आणि मांडीवर घेऊन बसल्या. चष्मा ठेवला. घड्याळ कानाशी धरून पाहिलं आणि ठेवलं. पाकिटातले पैसे काढून मुलासाठी वेगळे काढले, पाकीट ठेवलं. पेन्सिल ठेवली. मग माझ्याकडं हात केला, "पट्टी?"

मी फडक्यातून काढून दिली. ती मावेल असं मला वाटलं नव्हतं, कारण नेहमीच्या १२ इंचांपेक्षा ती एक सूत लांब. पण पेटीही त्याच मापाची होती. पट्टी तळाशी सरळ जाऊन बसली, टोकाला नख शिरेल एवढीच जागा राहिली. माझ्या पट्टीनं पेटी बरोबर केली असती तर ती आत गेलीच नसती.

हत्यारांचं विचारलं तेव्हा अक्का मुलाला फोनवर म्हणाल्या, "असू देत तिथंच, सर येतात रविवारी." दिवाळीनंतर चार महिने त्या बेंगळुरूला जाऊन राहणार आहेत. पेटी नेणार की इथंच ठेवणार, मी विचारलेलं नाही. ते त्यांनी ठरवायचं.

रिकामी झालेली पिशवी त्यांनी घडी करून स्वयंपाकघरात नेली. पुढच्या आठवड्यात त्याच पिशवीतून त्यांच्या परड्यातला कढीपत्ता आमच्याकडं आला.