रानाचा आकडा

आमच्या कुंडलला शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीची असते. मोटर चालू करायला अण्णा दोन वाजता उठून रानात जातात, मग कळतं की सरी अजून ओलीच आहे. म्हणून मी उसात ओलाव्याचा सेन्सर रोवला आणि मोटरच्या खोलीत रास्पबेरी पायला एडीएस१११५ चिप जोडली.

ड्रायव्हर हौसेनं स्वतःच लिहिला. साधा कॅरेक्टर ड्रायव्हर, कमांड माझ्या मनाच्या. पावसाळ्यात चिप जळाली. बाजारात दुसऱ्याच बनावटीची मिळाली, आणि ड्रायव्हरसोबत वरचा अख्खा प्रोग्रामही बदलावा लागला. मी पुण्यात, अण्णा पुन्हा अंधारात.

मग जे आधी वाचायला हवं होतं ते वाचलं. लिनक्स कर्नलमध्ये एचडब्ल्यूमॉन आहे ते यंत्राच्या स्वतःच्या तब्येतीसाठी: तापमान, व्होल्टेज, पंख्याचा वेग. बाहेरचं जग मोजायला आयआयओ, २००९ पासून. गंमत म्हणजे माझ्या जळालेल्या चिपच्या कुटुंबाचा ड्रायव्हर आधी एचडब्ल्यूमॉनमध्ये होता, पुढे आयआयओत गेला. म्हणजे तो तयारच होता! आयआयओत कच्चा आकडा आणि स्केल वेगळे मिळतात. गुणले की मिलिव्होल्ट. खाली चिप कुठलीही असो, वरचा प्रोग्राम तोच.

अण्णांना फोनवर सांगितलं.

"म्हंजी एक दवाखाना मशीनचा, एक रानाचा?"

"हो, तसंच."

"मग रानाचा आकडा सांग की."

"२४००." माती वाळली की हा सेन्सर जास्त व्होल्टेज देतो.

"वाळलंय म्हण," म्हणत त्यांनी बॅटरी शोधायला घेतली.