नऊ नंबरची जागा

करंजात राहून फुटबॉलवर लिहायचं म्हणजे मासळी बाजारात रताळी विकायला बसण्यासारखं आहे. आमच्याकडे खेळ म्हणजे क्रिकेट, तेही टेनिस बॉलचं. भातकापणी उरकली की उरण-पनवेल पट्ट्यातल्या गावोगावी मंडप पडतात, लाउडस्पीकरवर समालोचन सुरू होतं, चषक आणि रोख बक्षिसं लागतात. फुटबॉल खेळणारी पोरं मूठभर. बंदराकडची मोकळी जागा त्यांची. बाजूला जाळी वाळत घातलेली असतात, तिकडे चेंडू गेला की आधी शिव्या मिळतात, मग चेंडू. त्या पोरांत एक गोष्ट कायम दिसते. गोलकीपर व्हायला कुणी तयार नसतं आणि ‘पुढे’ खेळायला सगळे तयार असतात. त्यातल्या एकाला मी विचारलं, पुढेच का रे? तो म्हणाला, “काका, गोल मारतो त्याचंच नाव विचारतात.”

खरं आहे. पण नाव विचारलं जाणं आणि ती जागा मिळणं यात किती अंतर असतं, ते मला अनिकेत जाधवकडे बघून कळलं.

२०१७ साली १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. त्याआधी १५ सप्टेंबरला राज्य सरकारने शाळाशाळांत फुटबॉल वाटून एकाच दिवशी लाखो पोरांना मैदानात उतरवलं होतं. विश्वचषकाचे काही सामने आमच्या बाजूला, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर होते. उरणपर्यंत लोकल आली ती जानेवारी २०२४ मध्ये. त्यामुळे २०१७ साली तिथे जायला बसचाच आधार. स्पेन-माली उपांत्य सामना नेरूळलाच झाला. आबेल रुईझने दोन गोल मारले, स्पेन ३-१ने जिंकला. भारताचे सामने मात्र दिल्लीत होते आणि तिन्ही आपण हरलो: अमेरिकेकडून ३-०, कोलंबियाकडून २-१, घानाकडून ४-०. आपला एकुलता एक गोल मारला तो जीक्सन सिंगने, म्हणजे मधल्या फळीतल्या पोराने, कॉर्नरवर डोक्याने. पुढे खेळणाऱ्यांना गोलकडे तोंड करून चेंडू मिळालाच फार कमी वेळा. बहुतेक वेळ ते समोरच्या बचावपटूंच्या मागे धावत होते. त्या पुढच्यांत अनिकेत होता.

तो कोल्हापूरचा, रिक्षाचालकाचा मुलगा. कोल्हापुरातच जन्मला हे त्याचं नशीब म्हणायचं. महाराष्ट्रात फुटबॉलसाठी पेठा भांडतात असं दुसरं शहर नाही. तिथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमी. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ पोसले आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की दुपारीच शहराचं लक्ष कामातून उडतं. पुढे पुण्याची क्रीडा प्रबोधिनी, मग राष्ट्रीय संघाची शिबिरं, असा त्याचा प्रवास झाला.

विश्वचषकातल्या पोरांना पांगू न देता फेडरेशनने त्यांचा ‘इंडियन अ‍ॅरोज’ हा संघ आय-लीगमध्ये उतरवला. २९ नोव्हेंबर २०१७ला गोव्यात बांबोळीला पहिला सामना चेन्नई सिटीशी होता. समोर कसलेले व्यावसायिक, इकडे मिसरूड फुटलेली पोरं. अ‍ॅरोज ३-०ने जिंकले आणि त्यातले दोन गोल अनिकेतचे होते. वय सतरा. हंगामाअखेर हा संघ तळाला राहिला, पण त्या संध्याकाळी भारताला सेंटर फॉरवर्ड मिळाला असं बऱ्याच जणांना वाटलं. मलाही वाटलं. १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारणारा मुंबईचा नेव्हिल डिसोझा आठवण्याइतपत मी हुरळलो होतो.

नंतर तो तीन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी इंग्लंडला ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये गेला. हा क्लब पुण्याच्या व्यंकीज् उद्योगसमूहाचा आहे. परतल्यावर जमशेदपूर एफसी. २९ ऑक्टोबर २०१९ला हैदराबादविरुद्ध त्याने इंडियन सुपर लीगमधला (आयएसएल) पहिला गोल केला. कागदावर सगळं कसं चढत्या भाजणीचं. आता त्याच्या आसपास कोण होतं ते बघा. जमशेदपूरला पहिल्या हंगामात स्पेनचा सर्जिओ कास्तेल. दुसऱ्या हंगामात लिथुआनियाचा वाल्सकिस, जो आदल्याच वर्षी सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट घेऊन आला होता. मग अनिकेत हैदराबादला गेला, तर तिथे नायजेरियाचा ओग्बेचे! २०२१-२२ मध्ये हैदराबाद विजेता झाला, ओग्बेचेने १८ गोल मारले. विजेत्या संघाचं पदक अनिकेतलाही मिळालं, पण तो खेळत होता विंगवर.

आयएसएल २०१४ साली सुरू झाली. तेव्हापासून २०२५पर्यंत एकाही हंगामाचा गोल्डन बूट भारतीयाच्या पायात गेला नाही. मैदानावरच्या परदेशी खेळाडूंची मर्यादा सहावरून पाच, पाचावरून चार झाली. तरी त्या चारांतला एक नेमका नऊ नंबरवर, म्हणजे सेंटर फॉरवर्डच्या जागी. क्लबांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. तीन सामने हरले तर प्रशिक्षकाची नोकरी जाते, तो पोराला शिकवत कुठे बसणार? कोल्हापूरच्या तालमींनीसुद्धा परदेशी खेळाडू आणलेच की.

पण स्ट्रायकर शिकतो कसा, तर चुकून. गोलकडे पाठ, मागून बचावपटू रेटतोय, अशा वेळी चेंडू पायाखाली धरायचा, अर्ध्या सेकंदाने धाव लांबवायची म्हणजे ऑफसाइड टळते, डोकं वर न करता गोलचा कोपरा ओळखायचा. सरावात हे येत नाही. खऱ्या सामन्यात दहा संधी घालवल्या की अकरावी जमते, आणि त्या दहा कुणाला तरी पोटात घालाव्या लागतात. विंगवर चूक लपते. तिथे पोरगा धावतो, क्रॉस टाकतो, मागे येऊन बचावाला हातभार लावतो, प्रशिक्षक खूश. ‘कष्टाळू’ हे विशेषण भारतीय फॉरवर्डला लागलं, की समजावं त्याची जागा गेली.

हैदराबादच्या त्या विजेत्या संघाचे प्रशिक्षक होते मानोलो मार्केझ. पुढे ते भारताचे प्रशिक्षक झाले आणि त्यांना गोल मारणारा माणूस मिळेना. सुनील छेत्री जून २०२४ मध्ये कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून निवृत्त झाला होता. मार्च २०२५ मध्ये मार्केझनी त्याला परत बोलावलं. मालदीवविरुद्ध त्याने गोलही मारला. वय चाळीस.