बाजारातल्या तुरी

'बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी' ही म्हण आमच्या घरात एवढी वापरली गेली, की ती खरी आहे की नाही हे तपासायचं कुणाच्या मनातही आलं नाही. कापूस अजून बोंडात असताना कुणी त्याच्या पैशांतून मोटारसायकल घ्यायला निघालं, की आई ही म्हण ऐकवायची आणि बोलणं तिथंच मिटायचं. अलीकडे मात्र हा भट माझ्या डोक्यातून जात नाही. माझ्या भाच्याला आणि त्याच्या दोस्तांना ही म्हण लागू पडते का, हे काही केल्या मला ठरवता येत नाही.

ही पोरं विदर्भातल्या चिखलीची. तिथून कुठलाही मोठा रोलर कोस्टर गाठायचा म्हणजे रात्रभराचा प्रवास. तरी भारतात यापुढचा मोठा कोस्टर कुठे उभा राहील, कुठली कंपनी बांधेल, तो किती उंच असेल, यावर ती तासन् तास बोलतात. त्यांच्या बोलण्याची सुरुवात बहुतेक वेळा खोपोलीजवळच्या इमॅजिकातल्या 'नायट्रो'पासून होते. 2013 सालचा हा कोस्टर स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबिलार या कंपनीचा. माणसं बसली की पायाखालचा फलाट बाजूला होतो आणि पाय मोकळे लोंबू लागतात. उंची चाळीसेक मीटर, वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर आणि वाटेत पाच ठिकाणी माणूस उलटा होतो. त्यांच्यातला एकच जण त्यात बसून आला आहे. बाकीच्यांना तो न बसता पाठ आहे.

त्यांची रीत पाहिली की मी थक्क होतो. रुळाचा नुसता तुकडा दिसला तरी तो कुठल्या कारखान्यातला हे ती सांगतात. पाया खणला असेल तर खड्ड्यांमधलं अंतर आणि त्यांचा आकार पाहून वर किती उंच खांब येईल याचा हिशेब मांडतात. "मामा, हे खड्डे पाहा ना, पाळण्यासाठी एवढा पाया कोनी घेते का?" असं म्हणून भाचा मला मोबाइलवरचा फोटो मोठा करून दाखवतो. मला त्यात चिखल आणि लोखंडी सळया दिसतात, त्याला आख्खा चढ दिसतो. जगभर अशी माणसं आहेत. इंग्लंडमधल्या थॉर्प पार्कने नव्या कोस्टरसाठी स्थानिक परिषदेकडे परवानगीचे कागद दिले तेव्हा त्यावर नाव होतं 'प्रोजेक्ट एक्झोडस'. तेवढ्या नकाशांवरून शौकिनांनी वळणं, उंची, कंपनी यांचे अंदाज बांधायला घेतले. 2024 च्या मे महिन्यात तो 'हायपेरिया' या नावाने सुरू झाला. उंची 72 मीटर, त्या देशातला सगळ्यांत उंच. तो सुरू होईपर्यंत कितीतरी जणांनी मनातल्या मनात त्याच्या फेऱ्या मारून घेतल्या होत्या.

पण त्यासाठी इंग्लंडला कशाला जायचं? देऊळगाव राजाला अश्विनात बालाजीची यात्रा भरते. भाविक लाठा मंडपाची वाट पाहतात, ते प्रचंड लाकडी खांब माणसांच्या बळावर उभे होताना पाहायला पंचक्रोशी लोटते. पोरांचा डोळा मात्र मैदानावर असतो. आमच्या लहानपणी यात्रेआधी ट्रक यायचे. लोखंड उतरवलं जायचं आणि आम्ही दूर उभं राहून त्या ढिगातून काय उभं राहणार हे ओळखायचो. प्रत्येक पाइपवर रंगाने आकडे टाकलेले असत. कामगार जाड लाकडी ठोकळे जमिनीवर मांडून, त्यावर पाणी भरलेली पारदर्शक नळी धरून दोन टोकं एका पातळीत आहेत का ते बघायचे, मग पहिला सांगाडा उभा करायचे. वाकडे पाइप जास्त दिसले की कुणीतरी ओरडायचं, "रेलगाडी हाय रे!" लांब, सरळ, एकसारखे निघाले की आकाशपाळणा. डबे उतरेपर्यंत पैजा लागलेल्या असत. नंतर प्रत्यक्ष पाळण्यात बसायला मिळालंच असं नाही. तिकिटाचे पैसे घरून मिळतीलच याचा भरवसा नव्हता. पण आज कुठल्या वर्षी कुठल्या पाळण्यात बसलो ते काही आठवत नाही आणि ते लोखंडाचे ढीग मात्र स्पष्ट आठवतात.

आता परत भटाकडे. म्हणीतली गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. तुरी अजून बाजारातच आहेत, घरात दाणाही आलेला नाही, आणि वरण घट्ट करायचं की पातळ यावरून नवरा-बायकोचं भांडण जुंपतं, नवरा हात उचलतो. आपण हसतो ते भटाला. पण भटणीचं काय? तिनेही वरणाची कल्पना केली होती, म्हणून तर भांडण झालं. दोघांच्या मनात दोन वेगवेगळी वरणं शिजली होती. तिचं वरण कसं होतं, त्यात ती लसणाची फोडणी देणार होती की नुसतं तूप सोडणार होती, हे म्हण सांगत नाही. तिला फक्त मार खाण्यापुरतं ठेवलं आहे. कल्पना करणाऱ्या दोघांपैकी एकाच्या हातात काठी असली की दुसऱ्याचं वरण कायमचं पुसलं जातं. मग या म्हणीला दुखतं ते नेमकं काय? वस्तू हाती येण्याआधी तिच्यात रमणं, की आपलीच कल्पना खरी करण्यासाठी हात उगारणं? आपण पहिल्यालाच दोष देत आलो आणि दुसऱ्याकडे पाहिलंच नाही, असं मला वाटू लागलं आहे.

शिवाय तुरी बाजारात आहेत, म्हणजे जवळजवळ सगळं घडून गेलेलं आहे. आमच्याकडे तूर मृगाच्या पावसावर पेरतात, सोयाबीनच्या किंवा कपाशीच्या ओळींमध्ये. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास निघून जातं, तूर मात्र उभी राहते. थंडीत फुलते, शेंगा धरते, तेव्हा एखादं धुकं आलं तर फुलं गळतात, अळी आली तर शेंगा पोखरते. पौषात कापणी, मग खळं, मग पोतं, मग खामगावची नाहीतर मलकापूरची बाजार समिती. त्या बाजारातल्या तुरीमागे अर्धं वर्ष उभं आहे. तिच्यासाठी ज्यांनी खरा अंदाज बांधला ते भट-भटणीच्या कितीतरी आधीचे लोक. त्यांच्यावर म्हण नाही.

त्यांच्या अंदाजाचं काय होतं, तेही आम्ही पाहिलं आहे. 2015 च्या दिवाळीच्या तोंडावर तूरडाळ किलोला दोनशे रुपयांपर्यंत गेली. सरकारने डाळी वाढवा म्हणून सांगितलं, भाव डोळ्यांसमोर होता, पुढच्या वर्षी पाऊसही बरा झाला आणि तुरीचं पीक असं आलं की 2017 च्या सुरुवातीला बाजारातला भाव हमीभावाच्या खाली गेला. हमीभाव होता क्विंटलला 5050 रुपये. नाफेडच्या खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या, बारदाना संपला म्हणून मोजमाप थांबलं, माणसं पोत्यांवर झोपली. बाजारात तुरी होत्या, घरात पैसा नव्हता. त्या रांगेतल्या कुणालाही 'बाजारात तुरी' म्हणायची हिंमत माझी झाली नसती. त्याने वर्षभर आधी अंदाज केला, तोही समजून उमजून, आणि त्याच्यासारख्या लाखोंनी तोच अंदाज केला म्हणून तो फसला.

अंदाजाची गोष्ट आमच्या जिल्ह्यात निघाली की ती भेंडवळला गेल्याशिवाय राहत नाही. मी घाटावरचा, भेंडवळ घाटाखाली, जळगाव जामोद तालुक्यात. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी तिथल्या वाघ घराण्यातली माणसं गावाबाहेरच्या शेतात घट मांडतात. जमिनीवर मोठं वर्तुळ, त्याच्या कडेने अठरा धान्यांच्या राशी. गहू, ज्वारी, बाजरी, मूग, उडीद, हरभरा, जवस, तीळ, सरकी आणि त्यांत तूरही. मधोमध खड्डा, खड्ड्यात मातीची चार ढेकळं, पावसाच्या चार महिन्यांची. त्यावर पाण्याने भरलेली घागर, घागरीवर पापड, वडा, भजी, करंजी, सांडोळी, कुरडई. शेजारी पानविडा, तो राजाचा. मग सगळे निघून जातात आणि रात्रभर तिथे कुणी फिरकत नाही. पहाटे येऊन बघायचं. कुठला दाणा जागचा हलला, कुठला वर्तुळाबाहेर गेला, कुठलं ढेकूळ भिजलं, कुठलं कोरडं राहिलं, विडा कसा आहे. त्यावरून पाऊस, पिकं, भाव, राज्यकारभार. ही रीत साडेतीनशे वर्षांची आहे असं तिथे सांगतात. विदर्भातूनच नव्हे, खानदेशातून, मराठवाड्यातून शेतकरी येतात आणि उजाडायच्या आधीपासून उभे असतात.

अंधश्रद्धा निर्मूलन समितीने या भाकितांना वेळोवेळी आव्हान दिलं आहे आणि ते मला पटतं. वाऱ्याने, मुंगीने, उंदराने दाणा हलू शकतो, त्यावर जुलैचा पाऊस अवलंबून नाही. पण ज्या चेहऱ्यांनी लोक त्या वर्तुळाभोवती उभे असतात ते चेहरे विसरता येत नाहीत. ज्याने बियाणं आधीच घेऊन ठेवलं आहे तोही कान टवकारून ऐकतो. 'कपाशी मध्यम' ऐकलं म्हणून कुणी घरी जाऊन कपाशी रद्द करत नाही. मग तो ऐकतो कशासाठी? बहुधा येणारं वर्ष एकदा कुणाच्या तरी तोंडून, सगळ्यांच्या संगतीत, मोठ्याने ऐकायचं असतं. घरी एकट्याने विचार केला तर फक्त भीती वाटते. तिथे शेजारच्या गावचा माणूसही तीच ज्वारी घेऊन उभा असतो.

इथवर आलो तेव्हा मला वाटलं, सापडलं. भाच्याचे दोस्त आणि भेंडवळच्या शेतातले लोक एकच. येणारी गोष्ट येण्याआधी सगळ्यांनी मिळून पाहणं हाच दोघांचा सण. पण थोड्या वेळाने ते टिकेना.

कारण कोस्टर कुठेतरी आधीच ठरलेला असतो. त्याचा नकाशा एखाद्या कपाटात आहे, खांबांची यादी आहे, रंग ठरला आहे. शौकीन जे ओळखू पाहतात ते कुणाला तरी आधीच माहीत आहे. कोस्टर चालतो तोही असाच. साखळी गाडी वर ओढते. वर जाताना जो टिक-टिक आवाज येतो तो गाडी मागे घसरू नये म्हणून लावलेल्या अडसराचा. शिखर ओलांडलं की सहसा इंजिन नाही, ओढणारं कुणी नाही, गाडीने उंचीतून मिळवलेलं तेवढंच तिच्यापाशी. पुढचं प्रत्येक वळण, प्रत्येक झटका कागदावर आधी मोजलेला. जुन्या काळी रुळाचं वेटोळं पक्कं गोल करायचे, त्यामुळे माणसांच्या मानेला भयंकर हिसका बसायचा. 1976 मध्ये कॅलिफोर्नियातल्या 'रिव्होल्यूशन'साठी वेर्नर श्टेंगेल या जर्मन अभियंत्याने ते वेटोळं पाण्याच्या थेंबासारखं वर निमुळतं केलं आणि तेव्हापासून तोच आकार चालत आला. तिथे भीतीचंही माप काढून ठेवलेलं असतं. पाऊस कुणाच्याच कपाटात नाही. भेंडवळच्या शेतात उभा असलेला माणूस जे विचारतो ते कुणालाही माहीत नाही.

म्हणजे म्हणीतला भट पोरांच्या जवळचा, शेतकऱ्याच्या नव्हे. तुरी आहेत, फक्त घरी आलेल्या नाहीत. आणि तरीही मला ही वाटणी नीट जमत नाही. शेगाव संस्थानाची आनंद सागर ही बाग बंद झाली, तेव्हा ते तळं, ती झुकझुक गाडी पुन्हा कधी सुरू होणार याचे अंदाज जिल्हाभर चालले होते. संस्थानाच्या मनात काय आहे ते संस्थानाला माहीत असेलच, पण एसटीत, लग्नात, दवाखान्याच्या रांगेत लोक ज्या आवाजात त्याबद्दल बोलत तो आवाज मला पावसाबद्दल बोलण्यासारखाच वाटायचा. आता बागेचा काही भाग पुन्हा सुरू झाला आहे, आणि ती बोलणी थांबली आहेत. बागेत जाऊन आलेले लोक फारसं काही सांगत नाहीत.

भाचा म्हणतो, इकडे नागपूर-संभाजीनगरकडे कधीतरी मोठा कोस्टर येईलच. समृद्धी महामार्ग आपल्या मेहकर-सिंदखेडराजावरून गेला, आता गाड्या येतात, मग का नाही येणार? त्याने उंचीसुद्धा ठरवली आहे. त्याच्या एका दोस्ताला ती उंची मान्य नाही, त्यावरून दोघांत दोन दिवस अबोला होता. हात मात्र कुणी उचलला नाही.

देऊळगाव राजाच्या यात्रेचे ट्रक या वर्षीही दसऱ्याच्या आसपास येतील. तुमच्या घरातलं पोरगं लोखंडाच्या ढिगापाशी उभं राहून काय येणार ते सांगू लागलं, तर त्याला म्हण ऐकवू नका. तिथे थोडा वेळ उभे राहा, आणि तुम्हाला त्या ढिगात काय दिसतं ते त्याला सांगा.