परमुलखातील पाहुणी

आखातात माणूस नाही असे घर आमच्या वसईत विरळाच. त्यामुळे पासपोर्ट, व्हिसा, मुदत हे शब्द लहानथोर सर्वांच्या तोंडी असतात. परंतु माणसाप्रमाणे गाडीही परदेशी जाते आणि तिलाही आपली ओळख पटवावी लागते, हे मला दुबईच्या वास्तव्यात प्रथम उमगले.

तत्त्व तसे सोपे आहे. गाडी ज्या देशात नोंदलेली असेल तेथील क्रमांकाची पाटी आणि तेथील कागदपत्रे घेऊन ती दुसऱ्या देशात पाहुणी म्हणून जाऊ शकते. १९६८ च्या व्हिएन्ना करारात या पाहुणचाराच्या अटी आहेत. मुक्काम वर्षाहून अधिक लांबला, तर यजमान देश तिला पाहुणी मानण्याचे नाकारू शकतो. (असा करार माणसांसाठीही असता तर पुष्कळ गृहिणींनी दुवा दिला असता!) आपल्या देशानेही २०२२ मध्ये अशा खासगी वाहनांसाठी नियम केले. नोंदणीपत्र, परवाना, विमा आणि प्रदूषण नियंत्रणाचा दाखला जवळ हवा. शिवाय येथील प्रवासी वा माल तिने वाहू नये.

मस्कतला मामेभावाच्या मुलीचा बाप्तिस्मा होता आणि धर्मबाप मी. माझ्याजवळ गाडी नव्हती. शेजारच्या खोलीतील केरळी सहकाऱ्याने आपली देऊ केली. दुबईहून मस्कत सुमारे साडेचारशे किलोमीटर. हत्ता ओलांडले की सीमेवरचे ठाणे लागते, पुढे शिनास, सोहार आणि बातिना किनाऱ्याचा सरळ रस्ता. दोन्ही देशांत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात, दुबईचा परवाना ओमानात चालतो. तेव्हा चालविण्याची चिंता नव्हती.

चिंता होती ती दुसरीच. मुल्किया, म्हणजे तिकडचे नोंदणीपत्र, सहकाऱ्याच्या नावे होते. आपली गाडी अमुक माणूस ओमानात नेत आहे व त्यास आपली हरकत नाही, असे पत्र त्याला लिहून द्यावे लागले. सही करताना त्याचा हात क्षणभर थांबला. "तिकडे काही झाले तर?" त्याने विचारले. प्रश्न रास्त होता. गाडीवर त्याची तीन वर्षांची बचत लागलेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे विमा कचेरीत गेलो. आपल्या गाडीची मोडतोड झाल्यास मिळणारी भरपाई निराळी आणि आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाल्यास द्यावयाची निराळी, हे तेथील कारकुनाने समजावून सांगितले. दुसरीसाठी नारिंगी कार्ड असते. अरब देशांनी १९७५ साली ट्यूनिस येथे केलेल्या करारातून ते आले. परक्या पाटीच्या गाडीने अपघात केला, तर ज्या देशात तो घडला तेथील विमा संस्था जखमी माणसाची भरपाई करते आणि मागाहून ती रक्कम गाडीच्या देशातून वसूल करते. गाडीवाला सीमेपार निघून गेला म्हणून जखमी माणूस वाऱ्यावर पडत नाही. अपघातात कुणाचा मृत्यू झाला, तर त्याच्या वारसांना 'दिया', म्हणजे रक्ताचे मोल, द्यावे लागते. विमा नसेल तर तो भार कुणाच्या खांद्यावर येईल, हे वेगळे सांगावयास नको.

या कागदाचे महत्त्व मदहा गावाकडे पाहिले म्हणजे अधिकच पटते. चोहोबाजूंनी अमिरातींनी वेढलेला हा ओमानचा लहानसा तुकडा. त्याच्याही पोटात नाहवा हे शारजाचे गाव. वाटेत ना ठाणे, ना शिक्का. प्रवाशाला पत्ता लागत नाही, पण कायदा मात्र दोनदा बदलतो.

मी ते कार्ड घेतले. सहकाऱ्याने ते दोनदा वाचले आणि मगच किल्ली हातावर ठेवली.

बाप्तिस्मा थाटात पार पडला. परतलो तेव्हा रात्र झाली होती. सहकारी खाली उभाच होता. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, आपले ना-हरकत पत्र परत मागून घेतले आणि जिन्यातच त्याचे चार तुकडे केले.