उघड्या काँक्रीटचे मनोरे

उघड्या काँक्रीटच्या इमारतीला गिलावा नसतो. शटरिंगच्या फळ्यांचे ठसे भिंतीवर तसेच राहतात आणि स्लॅबचा, तुळईचा भार कुठल्या खांबावर उतरतो, हे रस्त्यावरून दिसते. १९५२ साली पूर्ण झालेल्या फ्रान्समधल्या मार्सेच्या वसाहतीत वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिए यांनी या घडणीला प्रतिष्ठा दिली. त्याच दशकात चंदीगडचे सचिवालय असेच उभे राहिले. भारतात ही घडण टिकली ती मात्र निकडीपोटी: पोलाद महाग होते, मजुरांचे हात भरपूर होते.

मुंबईत काँक्रीटच्या उंच कचेऱ्यांची रांग समुद्रात भराव टाकून केलेल्या नरिमन पॉइंटवर उभी राहिली. एअर इंडियाची २३ मजली इमारत १९७४ची. तेव्हा मुख्यमंत्री होते पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक. १९६३ ते १९७५ या त्यांच्या कारकिर्दीत दक्षिण टोकाला कचेऱ्यांची दाटी झाली आणि ती दाटी फोडण्यासाठी १९७० मध्ये नवे शहर वसवणारी सरकारी संस्था सिडकोही स्थापन झाली. खाडीपलीकडे नवे शहर वसवा, असे वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी १९६०च्या दशकातच सुचवले होते. नवी मुंबईतले बेलापूरचे व्यापारी केंद्र त्यातूनच आले. पण नरिमन पॉइंटचे मनोरे आधी चढले, आणि याची किंमत लोकलने रोज दक्षिणेकडे जाणाऱ्यांनी मोजली.

नाईकांच्या, विदर्भातल्या यवतमाळ जिल्ह्याशी काँक्रीटचे नाते मातीतलेही आहे. वणी, झरी-जामणी भागात चुनखडीचे थर आहेत. मुकुटबनला सिमेंटचा कारखाना आहे. चुनखडी आणि चिकणमाती सुमारे १,४५० अंश सेल्सिअसवर भाजली की क्लिंकर होते, जिप्सम घालून ते दळले की सिमेंट.

काँक्रीटचा खरा शत्रू आत शिरणारे पाणी आणि खारी हवा. सळई गंजली की फुगते, वरचा थर फोडते, पोपडे पडतात. सळईवर काँक्रीटचा पुरेसा थर ठेवला, तडे वेळीच भरले, तर इमारत दीर्घकाळ टिकते. दुर्लक्षाने आलेल्या डागांमुळेच अशा इमारतींना कुरूप म्हटले जाते. हा दोष देखभालीचा आहे, घडणीचा नव्हे. शिवाय अशा इमारतींचे खोल छज्जे ऊन भिंतीपर्यंत पोहोचू देत नाहीत. काचेच्या मनोऱ्याला हे जमत नाही, त्याला दिवसभर वातानुकूलन लागते. विदर्भाच्या उन्हाळ्यात कचेरी बांधणाऱ्यांनी काच निवडण्याआधी हा हिशेब मांडावा, आणि जुन्या काँक्रीटच्या कचेऱ्या पाडण्याआधी त्यांच्या सळया तपासून घ्याव्यात.