बिल वाचायला शिकताना

सातवीच्या वर्गात शाब्दिक उदाहरणं शिकवताना मी नेहमी म्हणतो, "पोरांनो, आधी उदाहरण नीट वाचा, मग पेन उचला." पण माझ्यावर वेळ आली तेव्हा मी मात्र न वाचताच पैसे मोजले.

गोष्ट कपाशी वेचणीच्या दिवसांतली. बाबा सायकलीवर शेतातून घरी येत होते. वरवट बकालच्या अलीकडे, शेगाव रस्त्यावर मागून कारने धडक दिली. मांडीचं हाड मोडलं. कारवाला पळाला नाही, त्यानंच गावातल्या पोरांसोबत बाबांना अकोल्याला नेलं. मी शाळेतून निघून दवाखान्यात पोचलो तेव्हा काउंटरवर एकच वाक्य ऐकलं, "आधी पैसे भरा."

घरात साठवलेली कपाशी मिळेल त्या भावाने दिली. बायकोने न मागता गळ्यातली पोत काढून हातावर ठेवली. बाबा खाटेवरून म्हणाले, "बापू, माह्या पायासाठी एवढं इकू नको रे." मला काही उत्तर सुचलं नाही.

सुट्टी झाली. सगळी बिलं एका पिशवीत कोंबून खुंटीला टांगली. पुढे एका ओळखीच्या वकिलांनी विचारलं, "सर, दावा टाकला का?" तेव्हा कळलं, की प्रत्येक गाडीला तृतीय पक्ष विमा सक्तीचा असतो तो अशाच वेळेसाठी. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात उपचाराचा खर्च मागता येतो. मात्र कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. पोलिसांतली नोंद आणि पक्की बिलं लागतात.

पिशवी उघडली. निम्म्या औषधांच्या नुसत्या कच्च्या चिठ्ठ्या होत्या. काहींवर बाबांचं नावही नव्हतं. तेवढा खर्च सिद्ध कसा करायचा?

एक दिवस नाव झाकून मोठ्या बिलाची झेरॉक्स वर्गात नेली. म्हटलं, बेरीज तपासा. बेरीज बरोबर होती. पण मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, "सर, भरती १० तारखेला अन् सुट्टी १७ ला. मंग खाटेचे नऊ दिवस कसे काय?"

मी बोटांवर मोजलं. दोन्ही दिवस धरले तरी आठच होतात. बिल भरताना हे विचारायची माझी हिंमत झाली असती का, माहीत नाही. आजारी माणूस आत असला की काउंटरवर आपण सगळेच निरक्षर होतो.

मे २०२५ पासून केंद्र सरकारची योजना लागू आहे. रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार मिळतात. तेव्हा ती नव्हती. आज असूनही किती घरांना ठाऊक आहे? पालकसभेत मी आता हे आवर्जून सांगतो. सोबत सांगतो: पक्कं बिल मागा, त्यावर रुग्णाचं नाव बघा, तारखा मोजा, प्रत्येक कागदाची झेरॉक्स ठेवा.

आमचा दावा मुदतीत दाखल झाला, निकाल यायचा आहे. बाबा काठी टेकत शेतापर्यंत जातात. पोत अजून गहाण आहे. आणि सातवीच्या वर्गात दरवर्षी एक तास आम्ही पुस्तक मिटून बिल वाचतो.