शेगडी घ्यायची, पण कोणती?

सासवडजवळ आमचं थोडं शेत आहे. थंडीत सुट्टीच्या दिवशी पुण्याहून तिकडे जातो. मागच्या थंडीत ठरलं, की उचलून नेता येईल अशी बार्बेक्यूची लहान शेगडी घ्यायची. खाणारी माणसं सहा. बजेट तीन हजार, आणि त्यातच सगळं बसवायचं. शेतावर वीज पाळीने येते, त्यामुळे विजेवरची शेगडी लगेच बाद झाली. राहिली गॅसची आणि कोळशाची.

मी गॅसच्या बाजूची. रोजची सवय, आच कमीजास्त करता येते, राख काढायला नको. ह्यांना कोळसाच हवा होता. धुराचा वास नसेल तर घरच्या तव्यावर काय वाईट, असं त्यांचं म्हणणं.

रविवार पेठेत दुकानं फिरलो. झाकणाची गॅसची ग्रिल मनात भरली, पण किंमत आमच्या आवाक्याबाहेर होती. दुसऱ्या एका दुकानात बाहेरदेशातून आलेली लहान ग्रिल स्वस्तात मिळत होती. तिला अमेरिकेत मिळतो तो एक पौंडाचा सिलिंडर लागतो. तो इथे सहजी मिळत नाही. दुकानदार म्हणाला, "घरच्या सिलिंडरला बसेल असं काहीतरी जोडून देतो." तिचे आटे वेगळे, गॅसचा दाब वेगळा. गॅसशी असा खेळ करायला मन धजेना, आम्ही बाहेर पडलो. एजन्सीत मिळणारा पाच किलोचा सिलिंडरही विचारात घेतला. पण सिलिंडर, रेग्युलेटर, नळी, बर्नर आणि वर जाळी एवढं सगळं धरल्यावर तीन हजार पुरत नव्हते.

जाऊबाईंकडे गॅसच्या डब्यावर चालणारी एका बर्नरची शेगडी आहे, पेटीत बंद होणारी. त्या म्हणाल्या, "आधी ही नेऊन बघा, मग पैसे घाला." हे फार बरं झालं.

ती शेतावर नेली. वर खाचांचा भाजायचा तवा ठेवला. पाच मिनिटांत पनीर आणि ढोबळी मिरची भाजायला लागली. सासूबाईंना धुराने खोकला येतो, त्याही शेजारी बसून होत्या. ते बघून मला बरं वाटलं. मग वारा सुटला आणि ज्योत एका बाजूला जायला लागली. डब्यात सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास ब्युटेन असतो. तो जळताना डबा आपोआप गार पडतो, आणि थंड हवेत आच आणखी मंदावते. मोठ्या आचेवर डबा दीडेक तास पुरतो. चिकनच्या वेळेला तो संपला. उरलेले तुकडे घरी येऊन शिजवले. मुलं हिरमुसली.

एक गोष्ट जाऊबाईंनी बजावून सांगितली होती, ती इथे सांगते. अशा शेगडीवर मोठा तवा ठेवू नये. तवा डब्याच्या खणावर आला, की उष्णता खाली परतते, डबा तापतो आणि फुटू शकतो. वारा अडवायला शेगडीभोवती पत्रा गुंडाळला, तरी धोका तोच.

मग कोळशाची घेतली. पत्र्याची, पाय दुमडणारी, दीड हजाराच्या आत. घेताना दोन गोष्टी बघितल्या. जाळी कोळशापासून चांगली चार-पाच बोटं वर हवी, नाहीतर मांस वरून करपतं आणि आत कच्चं राहतं. आणि खाली वारा जायला भोकं हवीत.

वखारीतून लाकडी कोळसा आणला, पन्नास-साठ रुपये किलोने. पहिल्या वेळी तो पेटता पेटेना. धूर नुसता, वर ठिणग्या तडतडत होत्या. कोळसा ओलसर होता. पुढच्या वेळेसाठी गच्चीवर दोन उन्हं दाखवली आणि फरक पडला. रॉकेल ओतायचं नाही असं आधीच ठरवलं होतं, कारण त्याचा वास अन्नाला लागतो. तेलाच्या रिकाम्या डब्याची दोन्ही तोंडं कापली आणि खालच्या बाजूला भोकं पाडून घेतली. तो शेगडीत उभा ठेवून तळाशी नारळाची सोडणं आणि कागद, वर कोळसा भरला. वीस-पंचवीस मिनिटांत निखाऱ्यांवर पांढरी राख धरली. तेव्हा कुठे डबा चिमट्याने उचलून जाळी ठेवायची. निखारे एका बाजूला सारले. चिकन तिथे भाजून घेतलं आणि मग कमी आचेच्या बाजूला सरकवून शिजू दिलं. निवत्या निखाऱ्यांवर वांगी आणि रताळी. त्या भरिताची चव गॅसवर आली नसती, हे मी मान्य केलं.

संध्याकाळी गारठा वाढला, तेव्हा मुलं म्हणाली, शेगडी पंपाच्या खोलीत घेऊ. ह्यांनी साफ नाही म्हटलं. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला कळायच्या आत शुद्ध जाते. खिडकी उघडी ठेवली तरी खोलीत, तंबूत किंवा गाडीत कोळसा न्यायचाच नाही. निघताना राखेवर पाणी ओतलं, काठीने ढवळलं आणि पुन्हा पाणी ओतलं. वरून विझलेला निखारा आत तासन्‌तास धगधगत असतो, आणि शेताच्या बांधावर गवत वाळलेलं असतं.

खर्चाचं म्हणाल तर शेगडी, लांब चिमटा, सळया आणि कोळसा मिळून अडीच हजारांत भागलं. सहा जणांच्या जेवणाला दीडेक किलो कोळसा लागतो. गॅसचा डबा आम्हाला दोनशेला पडला आणि तेवढ्या जेवणाला एक पुरला नाही.

तरी प्रत्येकाने कोळसाच घ्यावा, असं मी म्हणणार नाही. उघडी जागा आणि हाताशी वेळ असेल, तर कोळसा स्वस्त पडतो आणि चव देतो. सोसायटीच्या गच्चीवर धुराची तक्रार होणार असेल किंवा घरात कोणाला दमा असेल, तर गॅस बरा. रेल्वेने जाणार असाल तर गॅस सोबत नेता येत नाही. दुकानात जायच्या आधी शेगडी कुठे पेटवणार आणि इंधन कुठून आणणार, एवढं ठरवा. आणि कोणाकडे असेल तर एकदा मागून वापरून बघा. आम्ही अजूनही जाऊबाईंची गॅसची शेगडी गच्चीसाठी आणतो, आमची कोळशाची त्या नेतात. दोन घरांत मिळून दोन्ही सोयी झाल्या, आणि तीन हजारांच्या वर कोणालाच जावं लागलं नाही.